रुखवतात गेलेल्या वाट्या

माझ्या दुकानात येणाऱ्या मुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो. मोबाइलवर व्हिडिओ उघडा धरून त्या विचारतात, "काकू, ह्यात दाखवलेली चिनीमातीची छोटी भांडी महाग पडतात. लाव्हा केक दुसऱ्या कशात होईल का?" मी विचारते, कशावर भाजणार, आणि उलटा करून ताटलीत काढायचाय की चमच्याने त्यातच खायचाय? त्यातच खायचा असेल तर चहाचा जाड कपसुद्धा चालतो. उलटा काढायचा असेल तर भांड्याचं तोंड बुडापेक्षा रुंद पाहिजे, बूड जाड पाहिजे, आणि उंची वाटीहून जास्त नको. फॉइलचे कप चालतात, पण ताटात ठेवून भाजा, नुसते उचलले तर दुमडतात. सिलिकॉनमधून केक झकास सुटतो, पण कड खरपूस होत नाही. मफिनच्या ट्रेमधला एक उलटा करायचा तर सगळेच उलटे होतात. एवढं सांगून मी भाव सांगते, त्या कमी करायला सांगतात, मी करत नाही. हे ज्ञान मला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नाही. जालन्याच्या मस्तगड भागातल्या मामाच्या स्वयंपाकघरात मी ते मिळवलं, आणि ज्या वाट्यांवर मिळवलं त्या वाट्या आज माझ्याकडे नाहीत. लोक आठवणी म्हातारपणी लिहितात. मी चाळिशीतच लिहायला बसले आहे, कारण म्हातारपणी माणसं माफ करायला लागतात असं मी पाहिलंय, आणि मला ते व्हायच्या आत लिहून काढायचं आहे.

वडील गेले तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. आमच्या गावची, हसनाबादची जमीन चुलते कसायला लागले, आणि आईला तिच्या भावाने, म्हणजे मामाने, जालन्याला आणलं. मामाचं घर रस्त्याच्या कडेला होतं. पुढे त्याचं सायकलच्या सामानाचं दुकान, मध्ये राहतं घर, आणि मागे नहाणीला लागून एक खोली. ती खोली आमची. त्या घराचे आवाज मला अजून झोपेत येतात. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, त्यावर मामींच्या बांगड्यांचा, मग दुकानाचं शटर वर जाताना होणारा खडखडाट. नळाला पाणी येण्याचा दिवस तर लढाईसारखा. टाक्या, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी. थंडीत धपाटे, त्यावर दही. आईच्या हाताला चव होती आणि मामींच्या हातात डबे होते. मीठ-मिरचीच्या डब्यापासून साखरेच्या डब्यापर्यंत सगळे मामींच्या नजरेखाली. मामी वाईट नव्हत्या. "घर तुमचंच हाय, वन्सं," असं त्या आईला इतक्या वेळा म्हणत की घर कुणाचं आहे हे आम्ही कधीच विसरलो नाही.

मामांची ज्योती माझ्याच वयाची. एका बाकावर बसलो, एका सायकलवर डबलसीट फिरलो, एकीचा ताप दुसरीला लागायचा. ती गोरी, गोड बोलणारी, चुलीपासून दोन हात लांब. मी काळी आणि तोंडाची फटकळ. पण बाजारात मामी मलाच पाठवत. "सवीला धाडा," म्हणायच्या, "ती दुकानदाराला रडवून येते." ते खरंच होतं. कोथिंबिरीच्या जुडीपासून दिवाळीच्या कापडापर्यंत मी कुणाला पहिला भाव दिला नाही. दुकानातून पाय बाहेर काढायचा आणि मागून हाक येईपर्यंत वळायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरीला कशाला किती किंमत असते ते लवकर कळतं.

कॉलेजात असताना एकदा औरंगाबादला गेलो (तेव्हा आम्ही तेच नाव घ्यायचो), तिथे पिझ्झ्याच्या एका दुकानात ज्योतीने तो केक मागवला. मुठीएवढा, काळा, दिसायला साधा. तिने चमचा खुपसला आणि आतून गरम चॉकलेट ओघळलं. ज्योती हसत सुटली. मी हसले नाही. मी तो केक उचलून त्याच्या बाजू पाहिल्या, बूड पाहिलं, कागदाच्या कपावरच्या चुण्या पाहिल्या. परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली आणि मी विचार करत होते की आतलं पातळ राहतं ते कच्चं म्हणून की वितळलेलं म्हणून.

वितळलेलं म्हणून, हे मला पुष्कळ मैदा वाया गेल्यावर कळलं. मामींच्या घरात अंडं चालत नसे, म्हणून दही-दुधातलं पीठ, त्यात कोको, आणि मधोमध चॉकलेटचा तुकडा दडवायचा. ओव्हन नव्हता. जाड पातेल्यात बोटभर वाळू तापवायची, त्यावर जाळी, वर झाकण. ते सगळं मला जमलं. अडलं ते भांड्यापाशी. घरातली स्टीलची वाटी पातळ. कड जळायची आणि मधला तुकडा तसाच घट्ट राहायचा. इडलीपात्र उथळ, त्यात चॉकलेट दडवायला जागाच नाही. आप्पेपात्रात एवढंसं पीठ क्षणात आतपर्यंत शिजून सुकं व्हायचं. फुलपात्र उंच, खालून करपेपर्यंत वरचं पीठ पीठच. काचेचा ग्लास वाळूवर ठेवला तो तडकला, आणि मामींनी ते काचेचे तुकडे मामा जेवायला येईपर्यंत ताटात ठेवले, दाखवायला. मग मी कुंभाराकडून संक्रांतीची सुगडं आणली. मातीने सगळं लोणी पिऊन टाकलं, आणि अरुंद तोंडातून केक बाहेर येईना. ज्योतीने बोट घालून तो कोरून खाल्ला. "सवे," ती म्हणाली, "ह्याला केक म्हणायचं का वाणवसा?" मामी म्हणाल्या, "संक्रांत अजून लांब हाय, बाई. आधी गॅस संपवून राह्यली, आता सुगडं बी संपव."

त्या संध्याकाळी आईने खोलीतली पत्र्याची पेटी ओढली आणि जुन्या लुगड्यात बांधलेल्या पितळी वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. बारा वाट्या. तिच्या लग्नात तिच्या आईने दिलेल्या. बूड जाड, तोंड पसरट, हातात घेतली की वजन कळायचं. कल्हई केव्हाच उडाली होती. बुडाला बाहेरून टिंबाटिंबांनी नाव टोचलेलं: सौ. कौसाबाई. टोचणाऱ्याने हातोडी अशी मारली होती की टिंबं आतूनही उठली होती. "ह्यात करून बघ," आई म्हणाली. "पेटीत ठिवून तरी काय उपेग? तुलाच द्यायच्या हुत्या." मी कल्हईवाल्याशी अर्धा तास भांडून त्या चकचकीत करून आणल्या. जाड पितळ सावकाश तापतं आणि तापलं की सगळीकडून सारखं तापतं. पहिलाच केक ताटलीत उलटा केला, वाटी उचलली, तर तो अलगद सुटला, उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावर टिंबाटिंबांनी उमटलं होतं: सौ. कौसाबाई. आईने नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. वडील गेल्यापासून तिच्या नावामागचं 'सौ.' सगळीकडून पुसलं होतं. रेशनकार्डावरून, पत्रिकांवरून, लोकांच्या तोंडातून. राहिलं होतं ते फक्त त्या वाट्यांच्या बुडाला. ज्योतीने चमचा मारला, चॉकलेट ओघळलं, आणि ती ओरडली, "आत्या, तुमच्या नावाचा केक हाय हा!" तो दिवस माझ्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही, असं कधीकधी वाटतं. मग पुढचं आठवतं.

ज्योतीचं लग्न जाफराबादला ठरलं. एस.टी. स्टँडसमोर मोठं मिठाईचं दुकान असलेलं घर. सासूबाई स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या, आणि त्यांच्या मनात दुकानात केकचा वेगळा काउंटर काढायचं होतं. हे कळल्याच्या दिवशी ज्योतीच मागच्या खोलीत आली, माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "सवे, लग्नात विहिणीच्या पंगतीला तुझे केक ठिवू. गरमागरम. सासूबाईनं खाल्ले की मीच सांगते, ही माझी बहीण, हिला काउंटर द्या. तू जाफराबादला ये, खोली घे, आत्याला बी आण. बराबर?" आईला खोली. स्वतःची, कडी आतून लागणारी, डबे आपले. मी त्या रात्री मनातल्या मनात त्या खोलीत चूल कुठे, पेटी कुठे, सगळं मांडून ठेवलं. ज्योती एवढंच म्हणाली, "फक्त वाट्या रुखवतात मांडू दे. पितळी हायेत, शोभून दिसतील." मी हो म्हटलं. जन्मभर दुकानदारांच्या डोळ्यांत बघून भाव ओळखणारी मी, आपल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्यात माझी चूक आहे असं मी मानत नाही. आपल्या माणसाशी कुणी घासाघीस करत नाही.

ज्यांनी आमच्याकडची लग्नं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. रुखवत म्हणजे नवरीकडच्यांनी मांडलेला देखावा. लाडू-करंज्यांचे डोंगर, विणलेले रुमाल, भांडी, मुलीच्या हातच्या वस्तू. "मुलीच्या हातच्या" असं म्हणायचं असतं. निम्म्या वस्तू कुणाच्या हातच्या असतात ते सगळ्यांना माहीत असतं. आणि रुखवतात मांडलेलं सगळं मुलीबरोबर सासरी जातं. हा दुसरा नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण वाट्या देखाव्यापुरत्या मांडायच्या, पंगतीच्या वेळी मागे आणायच्या, त्यात केक भाजायचे आणि घरी न्यायच्या, असं ठरलं होतं. माझ्या मते ठरलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून कार्यालयाच्या मागे आचाऱ्यांच्या भट्ट्यांशेजारी होते. वाळूची दोन पातेली, तोंडाला बांधलेला पदर, डोळ्यांत धूर. अक्षता पडल्या त्या मी ऐकल्या, पाहिल्या नाहीत. आई वाट्या एकेक पुसून देत होती. विधवा म्हणून तीही मागेच थांबली होती, आणि मला वाटत होतं आम्ही दोघी मिळून काहीतरी मिळवतोय. विहिणीची पंगत बसली. केक बराबर उतरले. मी एका मोठ्या परातीत वाट्या घेतल्या, आई ताटल्या घेऊन मागे, आणि आम्ही पंगतीत आलो. मी पहिली वाटी विहीणबाईंच्या ताटलीत उलटी केली. त्यांनी चमचा लावला. चॉकलेट ओघळलं. पंगतीतल्या बायकांनी माना पुढे काढल्या.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या, "हे तर शहरातल्या दुकानावाणी झालंय. कुणी केलं?"

मी ज्योतीकडे पाहिलं. ती सासूच्या शेजारी शालूत बसली होती, मुंडावळ्या अजून कपाळावर. तिने माझ्याकडे पाहिलं, बिलकुल सरळ पाहिलं, आणि म्हणाली, "मीच शिकले, आई. घरीच करून करून."

"ज्योतीला लहानपणापासूनच लई नाद त्याचा," मामी म्हणाल्या. "आमचं किती काय फोडलं तिनं शिकताना! ग्लास बी फोडले."

"आन् ही कोण?" विहीणबाईंनी माझ्या काळवंडलेल्या हातांकडे बघून विचारलं.

"सविता. मदतीला हाय माझ्या," ज्योती म्हणाली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात विहीणबाईंची नणंद ताटलीवर वाकून म्हणाली, "ह्याच्यावर काहीतरी लिव्हलंय. सौ... कौसाबाई. कौसाबाई कोण?"

मला वाटलं, देव आहे. नाव आपणहून उमटलं होतं, आता कुणाला खोटं बोलता येणार नव्हतं. कौसाबाई माझ्या मागे उभी होती. मी वळले. आई ताटल्या छातीशी धरून उभी. मामींनी तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि आई म्हणाली, "हुत्या एक आमच्यातल्या. जुन्या. गेल्या."

"भांडी चांगली ठिवली हो त्यांची," विहीणबाई म्हणाल्या आणि दुसरा चमचा घेतला.

मी परात तिथेच जमिनीवर आदळली. तिचा आवाज झाला, पण लग्नात भांडी आदळतातच. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मागे गेले, तापलेल्या वाळूवर बादलीभर पाणी ओतलं, आणि वाफेत उभी राहिले. आई मागोमाग आली. मी म्हटलं, "तू मेलीस असं सांगितलंस."

"मंग काय सांगू? पोरीचं लगीन हुतं."

"पोर मी होते!"

आईने हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "वहिनीनं आठ दिसामागंच सांगितलं हुतं मला. काउंटर त्यांना घरच्या सुनेलाच द्यायचाय, भाईरच्या पोरीला न्हाई. म्हणल्या, ज्योतीनं केलं म्हणू, तिचं तिथं वजन पडंल. एवढी वर्सं ठिवलं आपल्याला, सवे. मी काय दिलं त्या घराला? एवढं तरी दिऊ दे." आठ दिवस. आठ दिवस ती माझ्याबरोबर पीठ चाळत होती, वाट्या पुसत होती, जाफराबादच्या खोलीत पेटी कुठे ठेवायची हे माझ्याकडून ऐकत होती. ज्योतीचं मी समजू शकते. तिला सासरी उभं राहायचं होतं, आणि माणूस उभं राहायला दुसऱ्याचा खांदा वापरतं. पण आईने माझा सौदा माझ्या पाठीमागे केला, आणि तोही पडत्या भावात.

"वाट्या तरी आण," मी म्हटलं.

"रुखवतात मांडलेलं परत आणत न्हाईत, बाई. अपशकुन असतो." आणि मग जे ती म्हणाली ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "आन् त्याच्यावरचं सौ. तर कव्हाच गेलं. ठिवून काय करू?"

संध्याकाळी त्या वाट्या धुऊन, लाडवांच्या टोपलीशेजारी, ज्योतीच्या सामानाच्या जीपमध्ये चढल्या. निघताना ज्योती माझ्या गळ्यात पडून रडली. सगळ्यांना वाटलं बहिणींची माया. माझ्या कानाशी ती म्हणाली, "रागावू नको गं, सवे. तू काय, कुठं बी करशील. तुला जमतंय." हे वाक्य मी पुढे जन्मभर ऐकत आले आहे. ज्याला जमतं त्याच्याकडून काढून घेताना लोक हेच म्हणतात.

त्या महिन्यातच मी मामाचं घर सोडलं. भांड्यांच्या एका दुकानात लागले, मग हातगाडी, मग भागीत गाळा, मग आजचं हे दुकान. कुणाला पहिला भाव दिला नाही, कुणाच्या शब्दावर माल सोडला नाही. आईला वर्षभराने घेऊन आले. दुकानाच्या वरच्या खोलीत ती राहिली. आतून लागणारी कडी तिला मिळाली, डबेही मिळाले. ती मला करून वाढायची, मी जेवायचे. येसराची आमटी शेवटपर्यंत तशीच होत होती. एकदा तिने विचारलं, "राग हाय का गं अजून?" मी म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "आसू दे," आणि भाकरी उलटली. जाफराबादच्या काउंटरची कीर्ती जालन्यापर्यंत येत होती. तिथले लोक दुकानात येऊन सांगत, "आमच्याकडं एक बाई लाव्हा केक बनवती, तोड न्हाई. वर कसलं तरी टिपक्यांचं डिझाइन असतं." मी म्हणायचे, "असेल."

आई गेली तेव्हा ज्योती दहाव्याला आली. अंगाने सुटलेली, गळ्यात जड सोनं, डोळे खरेच रडून लाल. लोक पांगल्यावर मी तिला एका बाजूला घेतलं. दुकानदार जसा मनातला भाव चेहऱ्यावर येऊ देत नाही तसा चेहरा ठेवून म्हटलं, "ज्योते, त्या पितळी वाट्या दे. बदल्यात माझ्या दुकानातले पाहिजे ते साचे ने. ओव्हनसुद्धा ने."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाली, "त्या व्हय? अगं, त्या कव्हाच मोडीत दिल्या. कल्हईचा खर्चा परवडंना, आन् गिऱ्हाईक विचारायचं हे काय लिव्हलंय. सिलिकॉनचे घेतले मी. तुला पायजे हुत्या तर बोलायचं न्हाई का?"

मोडीत. मोड म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही, माझा निम्मा धंदा तोच आहे. लोक जुनं तांबं-पितळ आणतात, मी ते तोलते, बदल्यात नवं स्टील देते. पुढे ते भट्टीत जातं की दुसऱ्या गावच्या दुकानात, ते आणणाऱ्याला कळत नाही आणि त्याला पडलेलंही नसतं. मोडीत सगळ्यात जास्त येतात त्या बायकांची नावं टोचलेल्या वस्तू. सौ. अमकी, सौ. तमकी, सुना आणून टाकतात.

म्हणून मोडीचं पितळ काट्यावर चढवण्याआधी मी प्रत्येक वाटी हातात घेते, पालथी करते आणि बुडावरून अंगठा फिरवते. गर्दीच्या दिवशी मागचं गिऱ्हाईक कटकट करतं. परवाच भोकरदनकडचा एक म्हातारा चेष्टेने म्हणाला, "काय बाई, सोनं लपवलंय का आमी त्यात? जल्दी तोला."

मी म्हटलं, "थांबा जरा," आणि दुसरी वाटी उचलली.